वऱ्हाड देशाचं हेरखातं
वऱ्हाड महाराष्ट्रात गेलं तेव्हाची गोष्ट. सरकारी नोकरीसाठी मी रोज बडनेऱ्याहून अकोल्याला गाडीनं जायचो. डब्यात राजकारणावर कडाक्याचे वाद चालत. समोरच्या बाकावर एक गृहस्थ मांडीवर वही घेऊन बसत. कोणी बोललं की त्याला निरखत, पेन्सिल जिभेला लावत आणि काहीतरी टिपत. हा सरकारचा खबऱ्या, अशी माझी खात्रीच झाली. मी वादात तोंड उघडणं सोडलं. त्यांच्यावर नजर मात्र ठेवली.

एकदा मूर्तिजापूरला ते वही बाकावर ठेवून पाणी प्यायला उतरले. मी ती उघडली. ‘वऱ्हाड देश. ना निजामाचा, ना इंग्रजाचा.’ खाली दोन पक्ष, कापूसवाले आणि ज्वारीवाले. मग आमच्याच डब्यातलं मंत्रिमंडळ! मोठ्या आवाजाचा लाइनमन पंतप्रधान. संत्रेवालीला परराष्ट्र खातं, कारण ती भांडूनही गिऱ्हाईक तुटू देत नसे.

“वाचा न, लाजता काहून? तुमीबी आहा त्याच्यात.” ते दारातच उभे होते.

“मला कोणतं खातं?”

“हेरखातं. तुमी बोलत नाई, नुसते पाह्यता. सारा डबा तुमालेच भेऊन राह्यला.”