टाके कोण घालतं

आमच्या बुटकीला बुटकी हे नाव तिच्या बापाने दिलं आणि गल्लीने उचलून धरलं. खरं सांगायचं तर पोरगी काही एवढी बुटकी नाही. टेबल उंच आहे. माझा भाऊ, म्हणजे तिचा बाप, ताडमाड माणूस. त्याने जनावरांचा दवाखाना काढला तेव्हा ऑपरेशनचं टेबल स्वतःच्या मापाने करून घेतलं, वाकायला नको म्हणून. त्या टेबलाशी पोहोचायला हिला स्टुलावर उभं राहावं लागतं. चूक टेबलाची आणि नाव हिला! आमच्या घरातला न्याय हा असा.

मी तिची आत्या. पुढच्या खोलीत बसते. नंबर लावते, औषधाच्या पुड्या देते, कुत्र्यांना मांजरांपासून आणि माणसांना एकमेकांपासून लांब ठेवते. माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. असू दे. गोड बोलून कुणाची रांग सरळ झालीय का आजवर?

दवाखाना खाली, घर वर, मधे अंधारा जिना. बुटकी सकाळी तो जिना उतरते आणि संध्याकाळी चढते, झाला तिचा जगप्रवास. भाजी आणायला गेली तरी कुणीतरी तिच्या नाकासमोर मांजर धरतं. "जरा कान बघ ना गं हिचा." ही पिशवी खाली ठेवते आणि रस्त्यात उभी राहून कान बघते. नाही म्हणायला तिला कुणी शिकवलंच नाही. तिची आई लवकर गेली, आणि मी शिकवायला बसले असते तर नुसत्या शिव्याच शिकली असती.

आता मुद्द्याचं सांगते. दादाच्या उजव्या हाताला कंप सुटला त्याला दोन-तीन वर्षं झाली. मोठ्या इस्पितळात दाखवलं, गोळ्या आणल्या. गोळ्यांनी कंप होता तेवढाच राहिला आणि चिडचिड तेवढी वाढली. एक दिवस एका मांजरीचं पोट शिवताना सुई त्याच्या हातातून निसटली. बुटकी शेजारी चिमटे द्यायला उभी. तिने दुसरी सुई घेतली आणि टाका घातला. दादा म्हणाला, "हं, पुढचा." तिने पुढचा घातला. बस्स, एवढंच. ना तो काही बोलला, ना ती. तेव्हापासून आमच्याकडे दादा बोलतो आणि बुटकी करते. तो मागे उभा राहून सांगतो, "इथे चिरा दे, जरा खाली, हं, आता बांध." बाहेर आला की हात पुसत म्हणतो, "आज काम झकास झालं माझ्या हातून."

माझ्या हातून! मला आधी वाटायचं, लाजेने म्हणतो. मग वाटायला लागलं, की ह्याला खरंच तसं वाटतं. इतकी वर्षं ज्या हाताने केलं तोच करतोय, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. आणि सांगणार कोण? कायद्याने त्या पोरीने साधी सुईसुद्धा टोचायची नाही. म्हणून मी मालक लोकांना आत सोडणं बंद केलं. "चक्कर येऊन पडता तुम्ही. मग आम्ही जनावर बघायचं का तुम्हाला?" असं म्हणून मी दार लावायची आणि दारापुढे खुर्ची टाकून बसायची. तोंडात मिठाची गुळणी धरून बसण्याचा आयुष्यातला तो माझा एकमेव अनुभव.

बुटकीला डॉक्टर व्हायचं होतं, हे काय वेगळं सांगायला हवं? इथल्या कॉलेजात तिची जागा थोडक्यात हुकली, दोनदा. मग तिने परदेशातल्या एका कॉलेजात अर्ज केला. त्यांनी संगणकावरून मुलाखत घेतली. पडद्यावर एक म्हातारे प्रोफेसर आणि एक हसऱ्या बाई. दादा नवा शर्ट घालून तिच्या शेजारी बसला, जशी काही मुलाखत त्याचीच होती. मी दाराशी उभी.

बाईंनी विचारलं, "तू स्वतः कधी एखादं ऑपरेशन केलंयस का?"

बुटकी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा पुढे वाकून म्हणाला, "नाही, नाही. ती फक्त धरते. आणि चिमटे देते. चिमटे फार छान देते."

"नाही," बुटकी म्हणाली. "मी फक्त चिमटे देते."

अस्सा संताप आला मला! आदल्याच दिवशी तिने एका कुत्र्याचा मोडलेला पाय कापून त्याचा जीव वाचवला होता. जगात तिला जी एक गोष्ट सगळ्यांत चांगली येते, तीच तिला तोंडाने म्हणता येत नव्हती. आणि गंमत बघा, तरीही त्यांनी तिला घेतलं. जनावरांबद्दल बोलताना तिचा चेहरा बघून घेतलं असणार. पैशांचं म्हणाल तर आईच्या नावचे थोडे होते, बाकीचे कॉलेजच देणार होतं, म्हणजे तीही अडचण नव्हती. शुक्रवार संध्याकाळपर्यंत येते किंवा नाही एवढं कळवायचं होतं.

दादाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "जा की मग! इथे काय अडतंय तुझ्यावाचून? चिमटे द्यायला दुसरी कुणीतरी मिळेल."

मनापासून म्हणाला हो तो. लेकीचं भलं व्हावं म्हणूनच म्हणाला. पण ती जी जिना चढून वर गेली ती जेवायलाच आली नाही.

त्या आठवड्यात आम्ही दोघी रोज अवजारं उकळताना तेच दळण दळायचो.

"पाच वर्षं, आत्या. परत आले की पुन्हा इथली परीक्षा द्यायची. ती पास होईपर्यंत मला इथे एका मांजराला हात लावता येणार नाही."

"आत्ता तरी कुठे येतोय लावता? चोरून लावतेस."

"आणि बाबा?"

"बाबांचं सोड. तू इथे राहिलीस तर तुझं काय, ते सांग."

"बाबा आहेत तोवर दवाखाना आहे. त्यांच्यानंतर मी कोणीच नाही." हे तिने अगदी शांतपणे सांगितलं, चिमटे फडक्याने पुसत. "केस पिकले तरी मी चिमटेच देत असेन, आणि ते घ्यायलाही कुणी नसेल."

"मग जा ना, बयो!"

"मी गेले की ते पहिल्याच दिवशी सुरी हातात घेतील. त्यांना ठाऊकच नाही की त्यांना जमत नाही. टेबलावर कुणाचं तरी जनावर मरेल. नाहीतर आधी सांगून जायचं, बाबा, एवढे दिवस तुम्ही नुसते बोलत होतात. सांगू? तू सांगतेस?"

मी? मी अख्ख्या गल्लीला फाडफाड बोलते, पण दादाला हे सांगायची माझी छाती नव्हती. अवजारं उकळायची ती खोली मुळात अडगळीची, खिडकी नाही, वर एक पंखा. त्यात उकळत्या पाण्याची वाफ. मला एकदम गुदमरायला झालं, म्हणून मी दार उघडलं. बाहेर माणसं मांडीवर जनावरं घेऊन बसलेली. सगळ्यांनी एकदम माना वर करून बुटकीकडेच बघितलं.

शुक्रवारी सकाळी बेकरीवाले काका त्यांची म्हातारी कुत्री उचलून घेऊन आले. दोन दिवस अन्नाला शिवली नव्हती, नुसतं पाणी पीत होती, पोट फुगलेलं. तिच्या गर्भपिशवीत पू झाला होता. पिशवी तेव्हाच्या तेव्हा काढायला हवी होती. काकांना त्या कुत्रीशिवाय घरात दुसरं कुणी नाही. हा एवढा धिप्पाड माणूस कुत्रीचा पट्टा मुठीत धरून माझ्यासमोर बसला.

दादा आत जाता जाता बुटकीला म्हणाला, "तू आज बाहेर बस. पुढे तू नसणार, मला सवय व्हायला हवी. आत्या देईल चिमटे."

"बाबा, आज नको."

"बाहेर बस म्हटलं ना."

ती माझ्या खुर्चीवर बसली. मी आत. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कुत्रीला भूल दिलेली, पोटाचे केस काढलेले, वरून दिव्याचा झोत. दादाने सुरी घेतली. हात कातडीजवळ नेला, आणि ते पातं असं नाचायला लागलं की मला बघवेना. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मग दोन्ही हात थरथरायला लागले. त्याने हात मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. मी देवाचा धावा करत होते. तो स्वतःच्या हाताकडे असा बघत होता, जसा काही दुसऱ्याच कुणाचा हात आपल्या बाहीतून बाहेर आलाय.

"कधीपासून?" त्याने मला विचारलं.

"बरेच दिवस झाले, दादा."

त्याने सुरी ताटलीत ठेवली. "बोलाव तिला."

ती आली, हात धुतले, हातमोजे चढवले, स्टुलावर चढली. तो तिला म्हणाला, "मला जमत नाही गं." एवढं बोलून तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्या दिवशी त्याने इथे चिरा दे, तिथे बांध, काही काही सांगितलं नाही. तिला त्याची गरजही नव्हती. फुगलेली पिशवी न फोडता तिने अलगद बाहेर काढली आणि पोट शिवलं. कुत्री शुद्धीवर येताना कण्हली तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पण दादाचं पुढचं पाऊल माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तो तडक पुढच्या खोलीत गेला. खोली भरलेली. सगळ्यांदेखत तो काकांना म्हणाला, "कुत्री वाचली. ऑपरेशन माझ्या मुलीने केलं. मी नाही. माझा हात गेलाय. गेली दोन-तीन वर्षं सगळी ऑपरेशनं तिनेच केली, तिच्याकडे डिग्री नसताना. तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा. दवाखाना बंद होईल, होऊ दे."

मला त्याचा डाव लख्ख कळला. दवाखानाच राहिला नाही, तर पोरगी कशात अडकणार? इतक्या वर्षांचं नाव त्याने माझ्या टेबलावर असं काढून ठेवलं. माझा भाऊ मला कधी एवढा मोठा वाटला नव्हता.

काकांनी नाक पुसलं. म्हणाले, "डॉक्टर, ठाऊक आहे हो आम्हाला."

"काय?"

"चहाचा कप दोन हातांनी धरता तुम्ही, तरी बशीत सांडतो. आम्ही काय आंधळे आहोत? पोरीचा हात आहे म्हणून तर येतो."

पोपटवाल्या बाई म्हणाल्या, "तक्रार कसली करायची? चांगलं चाललंय की! तुम्ही आपले नावाला बसा." कुणीतरी हसलंसुद्धा, चांगल्या मनाने. मग जो तो बोलायला लागला. त्यांच्या मांजराचं कसं तिनेच केलं, ह्यांच्या कुत्र्याचं कसं तिनेच. दादा मधे उभा. एक माणूस आपल्या मुलीसाठी होतं नव्हतं ते देऊन टाकायला निघाला, आणि लोक म्हणाले, ते तुमच्याकडे नव्हतंच. त्याचा चेहरा मी बघितला. बुटकीनेही बघितला. ती दारात उभी होती, हातमोजे अजून हातातच.

काकांनी तिला विचारलं, "टाके काढायला कधी आणू? तूच असशील ना?"

"दहा-बारा दिवसांनी आणा," ती म्हणाली. मग दादाकडे बघून म्हणाली, "असेन. मी इथेच आहे."

संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेले. तिने कॉलेजला येत नाही म्हणून कळवून टाकलं होतं. मी तिला नको नको ते बोलले. अक्कल गहाण टाकलीस का, म्हटलं. तिने ऐकून घेतलं.

"कालपर्यंत जाता आलं असतं, आत्या," ती म्हणाली. "कालपर्यंत मी त्यांच्यावर चिडलेली होते. चिडून जाता येतं. आज कशी जाऊ?"

तेवढ्यात दादा जिना चढून आला. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "मला एकदा विचारायचं तरी," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तुम्ही जा म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो!"

"मग मी गेले असते, बाबा."

आता सांगायला निघालेच आहे तर सगळंच सांगते. ती जात नाही हे कळल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हायसं वाटलं. दवाखाना राहणार, माझी खुर्ची राहणार, म्हातारपणी माझ्याजवळ कुणीतरी असणार. तिला एवढं बोलले, ओरडले, पण आधी हायसंच वाटलं होतं. आणि तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा तिला ते दिसलं.