पोफळीवरचा पतंग

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढेही बोलले नाही — त्याला माहीत असेल तर असू दे. तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला माझं तोंड दिसत नाही.

मला पतंगांचे फोटो काढायचा नाद आहे. रात्री दिव्यावर येतात ती पाखरं. फुलपाखरांचे कोणीही काढतं. मुलीने तिचा जुना मोबाइल दिला, तेव्हापासून रोज सकाळी चौलच्या आमच्या वाडीत फिरते. न्हाणीच्या भिंतीला, पोफळीच्या खोडाला ती चिकटून निजलेली असतात. माझी धाकटी जाऊ सुमन हसायची. "अक्का, पाखरांचे ढीग हायेत तुझ्याकडं. माणसाचा एक फोटू न्हाय!"

खरं होतं ते.

सुमनचा एकुलता एक विजय दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. बोट उलटली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दहाव्याच्या सकाळी पुरुषमाणसं पिंड घेऊन दर्यावर गेली. तेव्हा सुमनच्या घरात, दारामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, एक पतंग बसलेला दिसला — दोन तळहात शेजारी ठेवले तर जेमतेम मावेल एवढा. तांबूस, पंखांच्या टोकाला सापाच्या तोंडासारखा आकार. सुतकात घरात आलेलं पाखरू आमच्यात हाकलत नाहीत. सुमन त्याच्यापुढे जाऊन बसली. "आला गो माझा," म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज नीट फुटला.

"अक्का, त्याला कोणाला हात लावू देऊ नको. मी जरा पडते."

"नीज तू. मी हाय."

ती निजली. गाढ निजली. आणि मी काय केलं?

कोपऱ्यात उजेड नव्हता. असा पतंग मी जन्मात पाहिला नव्हता — पुन्हा दिसेल याची काय खात्री? पोफळीच्या झावळीची सुकी विरी त्याच्या पायांखाली सरकवली, अलगद मागच्या वाडीत नेला आणि उन्हातल्या पोफळीवर चढवला. एक फोटो काढते, मग परत ठेवते, असं म्हटलं. काढला. कसा आलाय ते मोबाइलमध्ये बघत होते — तेवढ्यात वरून कावळा आला.

तिकडे दर्यावर माणसं हात जोडून उभी होती. पिंडाला कावळा शिवत नव्हता. ते मला नंतर कळलं.

एक पंख खाली पडला होता. तो मी चुलीत घातला.

सुमन उठली. "कुठं हाय?"

"गेला. आपणच उडाला — दर्याकडं."

मला वाटलं, ऐकून तिला बरं वाटेल. नाही — हेही खोटं. मला बोल लावून घ्यायचा नव्हता, एवढंच.

ती कोपऱ्याकडे बघत राहिली. "मला उठवायचं तरी व्हतंस. जरा थांबला न्हाय गो माझ्यासाठी?" मग म्हणाली, "फोटू तरी काढलास?"

"न्हाय."

कसा दाखवणार? फोटोत पोफळ होती, ऊन होतं.

त्यानंतर ती जगली तोवर तेच. सुपारी सोलताना, कपडे वाळत घालताना, मध्येच — "आईला न भेटता गेला." रुसली होती ती. मेलेल्या मुलावर रुसली होती. आणि मी समोर बसून तिलाच शिकवायचे, असं बोलू नये गो. एक वाक्य पुरलं असतं — तो गेला नव्हता, मी नेला. कितीदा ओठांवर आलं? खरं सांगू — फारसं आलंच नाही. मी ते येऊ देत नव्हते.

मुलगी एकदा बोलता बोलता म्हणाली, त्या जातीला खायला तोंडच नसतं, थोडेच दिवस जगतात. म्हणजे तो तसाही मेलाच असता. मग? मी पतंगाबद्दल बोलत नाहीये.

सुमन गेल्या पावसाळ्यात गेली. फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. मी काढलेल्या सगळ्यांत तोच चांगला आलाय.