दादाचे उसने कान

दादा गेल्याचा फोन सकाळी सातला त्याच्या शेजारणीचा आला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो "शॉक बसला का?" असा. ती बिचारी गोंधळली. "अहो नाही, झोपेतच गेले," म्हणाली. सख्खा भाऊ गेल्याचं ऐकून आधी हायसं वाटावं, याची मला अजून लाज वाटते... पण दोन वर्षं मी ज्या गोष्टीला रोज घाबरत होते ती झाली नव्हती, एवढंच त्या क्षणी डोक्यात शिरलं.

दादा गिटारचे अँप्लिफायर दुरुस्त करायचा. जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह असलेले. कारखान्यातून निवृत्त झाला, वहिनी गेली, आणि धायरीतल्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत त्याने हा उद्योग मांडला. गिटार वाजवणारी मंडळी कुठून कुठून यायची आणि सगळ्यांची तक्रार एकच, "काका, नॉइज येतोय." दादा म्हणायचा, "तुम्ही वाजवता तो सोडून आणखी कुठला?" घुमतोय, फसफसतोय की तडतडतोय, ते नीट सांगायचं, सांगता येत नसेल तर घरी जाऊन ऐकून यायचं. असा सगळा प्रेमळ कारभार.

पुढे त्यालाच ऐकू येईनासं झालं. कानात यंत्र बसवून घेतलं, तर म्हणे, "हे स्वतःच शूं शूं करतंय. आधी हे दुरुस्त करू की गिऱ्हाइकाचं?" मग माझी नेमणूक झाली. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. जन्म पोस्टाच्या खिडकीवर गेला, संगीतातलं ओ की ठो कळत नाही. "तेच बरं," दादा म्हणाला. "कळणारे गाणं ऐकत बसतात. तू फक्त आवाज ऐक." रोज चार वाजता मी थर्मासमध्ये चहा घेऊन जायचे. मी स्पीकरसमोर स्टुलावर, तो मागे उघड्या पेटीत डोकं घालून. एकेक व्हॉल्व्ह काढायचा आणि विचारायचा, "गेला?" मी ओरडायचे, "आहे!" "आता?" "आहे!" ज्याच्या जाण्याने आवाज थांबेल, तिथे चोर सापडला. खरं सांगते, लहानपणानंतर आम्ही बहीण-भाऊ एकमेकांशी इतकं कधी बोललो नव्हतो.

पण माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. त्या पेटीत चारशे व्होल्ट. वायर काढून ठेवली तरी आतले कपॅसिटर वीज धरून बसतात. बंद आहे म्हणून निर्धास्त हात घातला की खेळ खलास. दादाचा नियम होता, आत एकच हात घालायचा, दुसरा पाठीमागे, म्हणजे झटका छातीतून जात नाही. नियम उत्तम हो, पण आत घातलेला तो एक हात अलीकडे थरथरायला लागला होता. मी कानाने आवाज ऐकायचे आणि डोळे त्या हातावर. "दादा, पुरे आता," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "घाबरट कुठली!"

शेवटचा अँप्लिफायर केतकीचा. ही खराडीला कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये वाजवते. तिचा अँप्लिफायर नुसता घुमत होता. पुढचे सगळे व्हॉल्व्ह काढले तरी घुमणं चालूच, म्हणजे दोष वीजपुरवठ्यातच. दादाने दोन कपॅसिटर बदलले. आवाज पुष्कळ उतरला, पण बारीक घूं राहिलीच. पेटी चालू ठेवून तो आत चाचपू लागला आणि स्क्रूड्रायव्हर घसरला. फाट्कन ठिणगी उडाली. माझ्या हातातला कप खाली. दादाने हात झटकला, निरखून पाहिला, आणि हा माणूस पुन्हा तोच हात आत घालायला लागला! "गेला का नंदा आवाज?"

"गेला," मी म्हटलं. "अगदी गेला दादा. बंद कर आता."

गेला नव्हता. दादाने माझ्याकडे पाहिलं, धूळ पुसावी तसा स्पीकरच्या जाळीवरून तळहात फिरवला, आणि पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी केतकी येऊन तो घेऊन गेली आणि माझी झोप उडाली. ही कार्यक्रमात वाजवणार, चारचौघांत घूं येणार, आणि नाव कोणाचं जाणार? दादाचं. खरं सांगावं, तर तो पेटी परत मागवून पुन्हा हात घालणार. त्याला ऐकू येत नसल्यामुळे त्याचे फोन मीच घ्यायचे. तो रोज विचारायचा, "केतकीचा फोन आला का?" "नाही," म्हणून मी चहा ओतायचे. एकदा तर त्याने सरळच विचारलं, "तुला काही सांगायचंय का?" "मला काय सांगायचंय? चहा गार होतोय," मी म्हटलं. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी शेजारणीचा तो फोन.

गेल्या आठवड्यात केतकी भेटायला आली. मी दादाच्याच घरी आवराआवर करत होते. ती बसायच्या आत मी सगळं ओकून टाकलं. मी खोटं बोलले, आवाज गेला नव्हता, काकांची काही चूक नव्हती.

"मावशी, मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "मी न्यायला आले ना, तेव्हा काकांनीच सांगितलं. म्हणाले, थोडा राहिलाय, जाळीवर हात ठेवला की कळतोय. बहीण फार घाबरलीय. तिने स्वतःहून मला खरं सांगितलं की मग घेऊन ये, तोवर असाच वाजव."

म्हणजे अकरा दिवस तो केतकीच्या नाही, माझ्या बोलण्याची वाट पाहत होता. आणि मी चहा ओतत होते...

अँप्लिफायर तिच्या गाडीतच होता. मी तिला तो वर आणायला लावला. "आता कशाला मावशी? कोण करणार?" ती म्हणाली. मी म्हटलं, "लाव तू." त्या खोलीत तिने तो लावला आणि मी स्टुलावर बसले. व्हॉल्व्ह तापेपर्यंत शांतता होती. मग ती बारीक घूं सुरू झाली.

"आहे, दादा," मी म्हटलं. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.