बाईंची प्रतिनियुक्ती

नंदुरबार जिल्ह्यात, मोलगीच्या पुढे डोंगरात आमची जिल्हा परिषदेची शाळा. मी तिसरी-चौथीला शिकवायचो, बाई पहिली-दुसरीला. बाई सारंगखेड्याच्या, घरी अहिराणी. मुलं आदिवासी, त्यांची भाषा पावरी. सुरुवातीला दोन्हीकडून नुसतं बघणं चालायचं. मग बाई मुलांमध्ये खाली बसल्या, त्यांच्याकडून पावरी शिकल्या, आणि वर्गात एवढा गलबला सुरू झाला की मला माझी मुलं घेऊन मोहाच्या झाडाखाली बसावं लागलं.

शनिवारी शाळा सुटली की आम्ही चार-पाच शिक्षक जीपने खाली खापर गावात उतरायचो आणि हॉटेलात भजी खात वर्गातल्या अडचणी बोलायचो. तीच संघटना. तिला नाव नव्हतं, त्यामुळे भांडणंही नव्हती. पुढे पुण्याहून एक अभ्यासक आले. त्यांनी भजी खाल्ली आणि सांगितलं, की तुम्ही करता त्याला बालकेंद्री शिक्षण म्हणतात. हे ऐकून आम्ही जरा ताठ बसलो. मग नाव आलं, घटना आली, राज्य शाखा आली. बोधचिन्हातल्या मुलाने हसावं की विचारात पडावं, यावर एक अख्खी सभा गेली. शेवटी मूल पाठमोरं काढलं. इतर राज्यं जोडली गेली आणि संघटना राष्ट्रीय झाली.

बाई संघटनेच्या प्रशिक्षणप्रमुख झाल्या. प्रतिनियुक्तीचा आदेश निघाला आणि त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. "थोडे दिवस सांभाळा, सर," त्या म्हणाल्या. थोडे दिवस लांबत गेले. एकाही मुलाला एकटं सोडू नका, हे शिकवायला बाई भोपाळला, रांचीला, गुवाहाटीला जात होत्या आणि त्यांची मुलं माझ्या पाठीमागे बसून भिंत उकरत होती. मुख्याध्यापक शहाद्याकडचे. ते एकदा म्हणाले, "देश ते चाली ऱ्हायना, पन बाईना वर्गमा कोन शे?" म्हणजे देश चाललाय खरा, पण बाईंच्या वर्गात कोण आहे?

मग नंदुरबारला प्रशिक्षण निघालं. मला जावंच लागलं. चारही वर्ग मुख्याध्यापकांवर टाकून गेलो. सभागृहात आम्ही सगळे सरळ रांगेत मंचाकडे तोंड करून बसलो. मुलांपुढे भाषण करू नये, या विषयावर उपाध्यक्षांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत भाषण केलं. माझ्या शेजारचे गुरुजी लघवीला उठले, तर स्वयंसेवकाने "सत्र संपल्यावर" म्हणून खाली बसवलं. स्वागतनृत्याची मुलं सकाळपासून बाहेर उन्हात उभी होती.

दुपारी बाईंचं सत्र होतं, "मुलांचं ऐकू या." शेवटी त्यांनी प्रश्न विचारायला सांगितले. मी उभा राहिलो.

"बाई, तुमच्या वर्गातली मुलं विचारतात, तुम्ही कधी येणार?"

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "याचं उत्तर मी आणलेलं नाही."

उपाध्यक्षांनी माइक घेतला. "फार छान. असे तळागाळातले प्रश्न यायला हवेत." त्यावर एक समिती नेमायचं तिथेच ठरलं.

समिती बसण्याआधीच बाई परत आल्या. स्वतःच अर्ज करून प्रतिनियुक्ती संपवून घेतली होती. पण त्यांची जुनी मुलं आता माझ्या वर्गात होती आणि पहिली-दुसरीतली नवी मुलं त्यांना ओळखत नव्हती. बाईंनी प्रशिक्षणातल्या आवाजात विचारलं, "मुलांनो, आज काय शिकू या, असं तुम्हाला वाटतं?" मधल्या सुट्टीपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही.

"पावरी विसरले हो मी, सर," त्या व्हरांड्यात येऊन म्हणाल्या. डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा खाली बसल्या. एका मुलीने कडेवरचा धाकटा भाऊ खुशाल त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पाणी प्यायला गेली. त्याने साडी ओली केली. वर्ग खदखदून हसला आणि काय झालं ते सगळ्यांनी एकदम पावरीत सांगितलं. बाईंनी त्यातला एक शब्द म्हणून पाहिला. चुकला. पुन्हा हशा. त्या दिवशी भिंतीपलीकडून इतका आवाज येत होता की माझा पाढा माझ्याच वर्गाला ऐकू गेला नाही.

संघटनेने बाईंच्या जागी ओडिशातल्या एका शिक्षिकेला नेमलं. बाईंनी तिला फोन करून अभिनंदन केलं, बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"मी विचारलं, तुमच्या मुलांना आता कोण बघतं? म्हणाल्या, शेजारच्या वर्गाचे सर आहेत ना."

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि वर्गात गेल्या.