पंख्याखालचा प्रवासी

रेल्वेचा संप होता. माणगाव स्टेशनवर आम्ही सगळे करवादलेलो, आणि पंख्याखाली बसलेला एक गृहस्थ मात्र मजेत शेंगा सोलत होता. बायकोचा फोन आला की तो एकदम रडवेला व्हायचा.

"अगं, गाड्याच बंद हायत. तुझ्या भावाच्या साखरपुड्याला मी पनवेलला काय उडत येऊ?"

फोन ठेवला की पुन्हा शेंगा.

मला मेलीला परोपकाराची खोड. तिसऱ्या फोनला मी मोठ्यांदा म्हणाले, "अहो, स्टँडवर पनवेलची एसटी लागलीय की!"

पलीकडून बायको काय म्हणाली ते अख्ख्या बाकाला ऐकू आलं. त्यानं उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या आणि पिशवी उचलली.

"रेल्वेवाल्यांचा संप टिकला, ताई. माझा तेवढा तुमी फोडलात."