मामांचा गरम पाण्याचा अभ्यास

एखादा निर्णय लांबणीवर टाकण्यासाठी माझ्या बायकोचे मामा घेतात तेवढी मेहनत अख्ख्या पुण्यात कुणी घेत नसेल. कोथरूडला त्यांच्या गच्चीवर सोलरची टाकी आहे. ऊन असलं की पाणी चटका देतं, पावसाळ्यात आभाळ भरलं की नुसतं कोमट. अशा दिवसांसाठी जोडीला काय बसवावं, याचा अभ्यास मामांनी तीन पावसाळे केला. टाकीतच विजेची कॉइल बसवा म्हटलं तर म्हणाले, "दोन बादल्यांसाठी दोनशे लिटर तापवायचं? मंगल कार्यालय आहे का आमचं?" गॅस गीझरला बाथरूमची खिडकी लहान पडली. हीट पंप विकणाऱ्याला मामांइतकी माहिती नव्हती, म्हणून तो बाद.

ऐकीव माहितीवर त्यांचा विश्वास नाही. कुणी नवं काही बसवलं की पंचा आणि थर्मामीटर घेऊन हे त्याच्याकडे आंघोळीला हजर. धायरीला माझ्या एका मित्राकडे असेच थडकले. त्याच्या बायकोनं चहाचं विचारलं, तर म्हणाले, "चहा नको, बादली द्या." एका ढगाळ रविवारी तीन घरी तीन आंघोळी झाल्या. सोमवारी शिंकत शिंकत मला निष्कर्ष कळवला, "जावईबापू, अजून एक पावसाळा बघायला हवा."

इकडे घरी मामी गॅसवर मोठं पातेलं तापवून, दुखऱ्या गुडघ्यांनी बाथरूमपर्यंत नेत होत्या. मी ते पाहत होतो आणि तरी मामांच्या गमती ऐकून हसत होतो, हे कबूल केलं पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात मामी चार दिवस बहिणीकडे गेल्या. दुसऱ्याच सकाळी मामांचा फोन आला. आवाज पडलेला. "अहो, ते पातेलं नेताना मला दोनदा खाली टेकवावं लागलं. हिला फोन करून विचारलं, रोज अशी दोन पातेली कशी नेतेस? तर म्हणते, दोन कुठे, एकच. तुमच्यापुरतं. मला कोमट चालतं."

मामी परतायच्या आत बाथरूममध्ये लहानसा विजेचा गीझर लागला. सोलरचं कोमट पाणी त्यातून हवं तेवढं तापून येतं. दुकानातल्या माणसानं अभ्यासाच्या पहिल्याच दिवशी हेच सुचवलं होतं म्हणे.

परवा ढगाळ सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर मामा पारोसेच पेपर वाचत बसले होते. "अहो, तुम्हाला पुरेल ना?" मामींनी बाथरूममधून विचारलं.

"पुरेल गं. सावकाश कर," मामा म्हणाले.

चहा घेऊन मी निघालो. माझी बायको माझ्या आधी आंघोळ करते की नंतर, हे घरी पोचेपर्यंत मला काही केल्या आठवलं नाही.