काचेवरचे डाग

ओल्या वर्तमानपत्राचा वास आला की ऐंशीच्या दशकातली आमची घाटकोपरची दिवाळीची साफसफाई आठवते. दीर्घिका कशा जन्मतात यावर संशोधन करणाऱ्या ताईने दुर्बिणीतून टिपलेल्या आकाशाची काचेची निगेटिव्ह घरी आणली होती. पांढऱ्या आकाशावर काळे ठिपके. खिडकीच्या काचा पुसता पुसता आईने तीही उचलली. ताई किंचाळली, “अगं आई, थांब! वाट लावशील! डाग नाही तो, अब्जावधी ताऱ्यांची गॅलक्सी आहे. माणूस जन्माला यायच्या आधी निघालाय तिचा उजेड!” आईने हातातला कागदाचा बोळा हळूच खाली ठेवला. “एवढ्या लांबून आली बिचारी,” ती म्हणाली, “आणि मी पुसूनच टाकत होते.” आता खिडक्या मी पुसते. एखादा डाग निघाला नाही की म्हणते, राहू दे, लांबून आला असेल.